ती सगळ्याला हो म्हणाली ते वर्ष

माझी मैत्रीण बहिरी होत चालली होती आणि मला वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. नुसता पत्ता नव्हता असंही नाही, त्या वर्षी मी भलतीच खूश होते. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती माझं म्हणणं मान्य करायला लागली होती. मी हायस्कुलात तीस वर्षं शिकवलेली बाई. समोरच्यानं मान डोलावली की त्याला पटलं असं धरून पुढच्या धड्याकडे वळायची मला सवय. ही सवय वर्गात कितीदा तोंडघशी पाडते हे ठाऊक असूनही ती सुटली नाही, आणि निवृत्त झाल्यावर तर ती सोडायचं काही कारणच उरलं नाही.

ती खोपोलीत शिवणकाम करते, मी कर्जतला राहते. पाचवीत आम्ही एका बाकावर बसायला लागलो. तिच्या वडिलांचं कर्जतच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं, पण घराणं मूळचं मुरूडकडच्या कोकणी मुसलमानांचं, समुद्राकाठचं. माझं माहेर कडावच्या बाजूला, भातशेतीचं. आमची ओळख नव्हती, त्यामुळे दोघी गप्प बसतील या आशेनं बाईंनी आम्हाला शेजारी बसवलं. दुसऱ्याच दिवशी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. तिचं म्हणणं होतं की तिच्या मावशीच्या लग्नात बायकांनी गायलेली गाणी जगात सगळ्यात भारी. माझं म्हणणं होतं की तिनं आमच्याकडचं लग्न पाहिलेलं नाही म्हणून ती असं बोलते. वर्गाबाहेरसुद्धा आमचं तेच चाललं होतं, म्हणून मग एकीला जिन्याच्या वर आणि एकीला खाली उभं केलं.

लग्न होऊन ती खोपोलीला गेली, मला नोकरी लागली, आणि भेटीचा वार ठरला तो विजेमुळे. त्या काळी तिच्या गल्लीत गुरुवारी दुपारी वीज जायची. तिचं शिलाई मशीन मोटरवर चालणारं, त्यामुळे काम बंद. माझी शाळा सकाळची. मी दुपारच्या गाडीत बसायची, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत अर्ध्या तासात तिच्या दारात. पुढे वीज जायची बंद झाली, शाळाही संपली, पण गुरुवार तसाच राहिला. आता ती मशीन चालवत बोलते, एवढाच फरक.

गप्पांचा नियम मी घातला होता. सासरचं काढायचं नाही, मुलांच्या मार्कांचं काढायचं नाही, आणि दुखण्याखुपण्याचं तर अजिबात काढायचं नाही. बोलायचं ते चार गोष्टींवर, गाणी, सिनेमा, नाटक आणि समुद्र. कारण घरी दारी सगळ्या बायका गुडघे आणि साखर यावरच बोलत असतात आणि मला त्याचा वीट आला होता. ती म्हणाली होती, "बरं हाय. तू म्हनशील तसं." मी म्हणेन तसं ती तेवढ्या एका बाबतीत वागली.

बाकी सगळीकडे भांडण. आमच्याकडे लग्नात धवलारीण येते. ही बाई मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधी गाण्यानं पार पाडते, आणि त्या गाण्यांना धवळे म्हणतात. सोबत वाद्य नसतं, टाळीसुद्धा नसते. एकटीचा आवाज, संथ, आणि भोवती मांडवातला सगळा गोंधळ. माझं मत असं की ज्या गाण्याला वाद्याचा आधार लागतो ते लंगडं. हे मी तिला शेकडो वेळा ऐकवलं असेल. ती म्हणायची, "तुमचं धवळं ऐकून नवरीला झोप येते गं. आमच्या ढोलकीवर सासूपन उठून नाचते." तिच्याकडे हळदीला बायका कोंडाळं करून बसतात, एक जण पुढे गाते, बाकीच्या मागून उचलतात. सासूला टोमणे, नणंदेला टोमणे, नवऱ्याच्या नाकाची चेष्टा, सगळं गाण्यातून. तिच्या सासरच्या गोतावळ्यात पुढे गाणारी तीच. सून म्हणून आली तेव्हा मागे बसायची, मग एकेक म्हातारी गेली आणि तिशी ओलांडायच्या आत पुढची जागा तिच्याकडे आली. तिच्याशिवाय हळद लागली असं त्या घरात कधी झालं नाही.

सिनेमात तिला रडणं लागतं. खोपोलीत जुनं थिएटर होतं तेव्हा ती दुपारचा खेळ बघून यायची आणि मला गोष्ट सांगायची, पण शेवट स्वतःच्या मनाचा. मेलेला नायक तिच्या गोष्टीत जिवंत होऊन घरी जेवायला यायचा. मी नंतर तो सिनेमा टीव्हीवर बघायची आणि गुरुवारी तिला जाब विचारायची. ती म्हणायची, "त्यांनी चुकीचा केला, मी नीट केला."

नाटक हा माझा प्रांत. आमच्या गावच्या जत्रेत नाटक व्हायचं आणि बाईची कामं गावातले गडी करायचे. पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिलेली गावातली मुलगी मी. खाष्ट सासूची भूमिका. माझ्या सुनेचं काम करणारा दूधवाला माझ्यापेक्षा वीतभर उंच होता आणि त्याला मिशी काढायची नव्हती, म्हणून तो अडीच तास पदर तोंडावर धरून बोलला. लोक अजून सांगतात की त्या नाटकात सून फार मर्यादशील होती. ही गोष्ट ती पोट धरून ऐकायची आणि शेवटी म्हणायची की नाटक म्हणजे रिकामा पेला तोंडाला लावून पाणी प्यायल्यासारखं करणं. सिनेमात निदान खरं पाणी पितात. यावर मी जे बोलायची ते इथे लिहीत नाही.

आणि समुद्र. मला विचाराल तर समुद्र एकदा पाहिला की पाहून झाला. कपड्यात वाळू, केसात चिकटपणा, आणि परतताना एसटीत सगळ्यांच्या अंगाला येणारा तो वास. ती मात्र लहानपणी दर मे महिन्यात मुरूडला आजोळी जायची. तिच्या लेखी समुद्र म्हणजे माहेराहून आतलं माहेर. मी समुद्राला नावं ठेवली की ती खरीखुरी रागवायची, कात्री खाली ठेवायची.

तर अशी ही बाई गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर एका गुरुवारी मला म्हणाली, "हां, खरंय तुझं."

मी नेहमीचंच बोलत होते, वाद्याचा आधार आणि लंगडं गाणं. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं ते तसंच तोंडात राहिलं. पुढच्या गुरुवारी नाटकाच्या बाबतीत तेच. ती माझ्याकडे बघत हसली आणि मान हलवली. त्यानंतर सिनेमाचा गड पडला, आणि पावसाळ्याच्या आधी समुद्राचासुद्धा. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं की शेवटी तिला पटलं. तो पेपर वाचत होता. म्हणाला, "तिला बरं वाटत नसेल." मी म्हटलं, तुम्हाला माझं काही चांगलं बघवत नाही.

आता आठवलं की दिसतं सगळं. ती मशीन बंद ठेवून माझ्याकडे तोंड करून बसायला लागली होती. मला वाटलं, मान देते आहे. दारावर गिऱ्हाईक आलं तरी ती हलायची नाही, मी सांगितल्यावर उठायची. मला वाटलं, गप्पांत रंगली आहे. मागे घरात कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या आणि सून धावत यायची. मला वाटलं, कुठली ही सासू, सुनेवर सगळं टाकून खुशाल बसते. तीस वर्षं मुलांच्या चेहऱ्यावरून कोण चोरून चिंच खातंय ते ओळखणारी मी, मला समोरचं दिसलं नाही. खरं सांगायचं तर बघायचंच नव्हतं. जिंकणाऱ्याला कशाला शंका येईल?

कळलं ते भाद्रपदात. तिच्या मुलानं खोलीत उजेड यावा म्हणून मशीन खिडकीशी हलवलं होतं, त्यामुळे तिची पाठ माझ्याकडे झाली. दिवाळीनंतरच्या लग्नसराईची कामं आतापासूनच आली होती, तिला थांबायला सवड नव्हती. मी पलंगावर बसून ब्लाउजांना हुक लावायला मदत करत होते आणि बोलत होते. पाहुण्यांकडच्या एका हळदीला डीजे लावला होता, त्यावर बोलले. एक नवीन नाटक पनवेलला पाहिलं होतं, त्याचा पहिला अंक पूर्ण सांगितला. नटीनं पदर कसा चुकीच्या खांद्यावर घेतला तेही. दहा मिनिटं तरी झाली असतील. तिनं दोरा तोडला, वळून माझ्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "का गं, आज गप्प का? बरं नाय का तुला?"

माझ्या हातातली सुई बोटात गेली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि तिच्याही लक्षात आलं. तिनं चष्मा काढला, ओढणीला पुसला, परत लावला. मग म्हणाली, "दार लोटून घे."

दोन वर्षं होत आली होती. आधी उजवा कान गेला, मग डावाही मागोमाग निघाला. घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. गिऱ्हाइकांना ती कागदावर माप लिहून द्यायला लावायची, म्हणायची डोकं हल्ली राहत नाही. शेजारपाजारी जाणं हळूहळू सोडलं होतं, फोन सुनेकडे दिला होता.

"मग माझ्याशी कशी बोलायचीस?" मी विचारलं.

"तू बाई हायस ना. तोंड उघडून बोलतेस, एकेक अक्षर. तुझे ओठ फळ्यासारखे वाचता येतात."

मला बरं वाटलं. तेवढ्यात ती पुढचं बोलली, आणि ती वाईट हेतूनं बोलली नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. "आनि तसं पन, तू काय बोलनार ते मला आदीच ठाऊक असतं. वाद्य लंगडं, शेवट खोटा, दूधवाला, वाळू. मी नुसती हो म्हनत राहिले. बाकीच्यांकडं कोन कधी काय बोलेल नेम नाय गं. तुझ्याकडं भीती नव्हती."

मी शाळेत मुलांना सांगायची की रोज एक नवं वाक्य लिहा. आणि माझ्याच बोलण्यात इतकी वर्षं एकही नवं वाक्य नव्हतं, इतकं की कान नसलेल्या बाईला ते पाठ म्हणून दाखवता यावं. मला राग आला, हसू आलं आणि तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. यातलं एकही न करता मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"दुखनं काडायचं नाय असं तूच ठरवलंस."

मी डॉक्टरचा विषय काढला. कान दाखवायचे, मशीन घ्यायचं, आजकाल कानात दिसतसुद्धा नाही इतकं लहान येतं. ती ऐकून घेत होती, म्हणजे बघून घेत होती. मग तिनं माझा हात धरला. डिसेंबरात तिच्या पुतणीचं लग्न होतं, दिराच्या थोरल्या मुलीचं. त्या हळदीला तिला पुढे गायचं होतं. "तेवडं होऊ दे. मग कुठं म्हनशील तिथं येते. आत्ता कुनाला कळलं तर मला गाऊ देनार नाय. बहिरीला कोन पुढं बसवतं?" तिच्या आवाजात विनवणी होती. ती माझ्याशी भांडली आहे, रुसली आहे, एकदा तिनं मला कापड मोजायची पट्टी फेकून मारली आहे, पण विनवणी तिनं त्याआधी कधी केली नव्हती. मी म्हटलं, नाही सांगत कुणाला.

आणि निघताना मी सुनेला सांगितलं.

मुद्दाम सांगितलं. मी चप्पल घालत होते तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. माझा हिशेब साधा होता. दुखणं वाढतं आहे, डिसेंबरपर्यंत थांबण्यात शहाणपणा नाही, आणि गाण्यासाठी कान गमावणं हा वेडेपणा आहे. मुलं बुडत असली की आधी उडी मारायची, परवानगी नंतर मागायची. परतीच्या गाडीत मी ताठ बसले होते. योग्य तेच केलं आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

सून चांगली मुलगी आहे. तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं काकाला. आठवड्याभरात मैत्रिणीला पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तपासण्या झाल्या, मशीन आलं. इथपर्यंत माझं सगळं बरोबर निघालं. पण त्याच आठवड्यात दिराच्या घरी बायका बसल्या आणि त्यांनी अगदी मायेनं ठरवलं की भाभीला आता त्रास नको. त्यांनी आरामात खुर्चीवर बसावं. हळदीची गाणी मोबाईलवरून स्पीकरला जोडू, हल्ली सगळे तेच करतात. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. ठरवताना तीही तिथेच बसलेली होती, आणि तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. बहिऱ्या माणसासमोर सगळे बोलतात.

पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा तिच्या कानात मशीन होतं. मी दारातूनच म्हटलं, "आता कसं?"

तिनं मशीन बंद केलं, शिवणाचं. कानातलं चालू होतं. "एवडं मोट्यानं नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या घरात मी गानारी होते. आता मी बहिरी हाय. तू एका दुपारीत मला म्हातारी केलंस."

मी समजावायला गेले. कानांचं बघ, भल्यासाठी बघ, डॉक्टर काय म्हणाले ते बघ. तिनं कानातली दोन्ही मशीनं काढली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे पाठ करून शिवायला बसली. मी तिच्या पाठीशी थोडा वेळ बोलत राहिले. लक्षात आल्यावर थांबले. सुनेनं केलेला चहा तसाच टाकून पुढची गाडी पकडली.

नंतरचे नऊ-दहा गुरुवार आमची भेट झाली नाही. पहिले दोन गुरुवार मी गेले, पण सुनेनं सांगितलं की अम्मी झोपल्यात, आणि आतून मशीनचा आवाज येत होता. मग जाणं थांबवलं. दुपारी दोनला मी उगाच तयार होऊन बसायची. नवरा म्हणायचा, फोन कर. मी म्हणायची, फोन तिला ऐकू येत नाही आणि माझी काही चूक नाही. दिवसातून पाच-सहा वेळा मी स्वतःला ते सगळं परत पटवून द्यायची. कान महत्त्वाचे, गाणं नंतर. मशीनचा उपयोग झालाच ना? झाला. मग? त्या 'मग'पाशी येऊन दर वेळी अडायची आणि उठून कपाट आवरायला घ्यायची. त्या दोन महिन्यांत आमच्या घरातलं एकही कपाट आवरायचं राहिलं नाही.

लग्नाची पत्रिका मात्र आली. तिचा मुलगा येऊन देऊन गेला, हळदीलाही या म्हणाला. तिनं पाठवलं की रीत म्हणून आलं, ते विचारायचं धाडस झालं नाही. गेले.

हळद दुपारची होती, दिराच्या ओट्यावर. मी सगळ्यात मागे, दाराच्या चौकटीला टेकून बसले. पुढे खुर्ची होती आणि खुर्चीत ती, नवी साडी, कानात मशीन, चेहरा शाळेच्या कार्यक्रमातल्या पाहुण्यासारखा. स्पीकर सुरू झाला. सिनेमाची गाणी होती, ठेका जोरदार होता. पोरी मोबाईल धरून नाचल्या. मोठ्या बायका हळद लावत होत्या आणि एकमेकींना काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं. एक मावशी नवरीला हळद लावता लावता थांबली आणि इकडे तिकडे बघायला लागली, जणू काही तरी विसरलं आहे. मला माझ्या गावचा मांडव आठवला, धवलारीण नसलेला.

तेव्हा ती खुर्चीवरून उठली. खाली बायकांच्या कोंडाळ्यात शिरली, कोपऱ्यात नुसतीच ठेवलेली ढोलकी उचलून एका जावेच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "वाजव." जावेनं थाप मारली. मशीनमध्ये ती थाप फुटली असावी, कारण तिनं तोंड वाकडं करून दोन्ही मशीनं काढली आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवली. मग सरकून ढोलकीच्या लाकडाला आपला गुडघा टेकवला. पूर्वीही ती अशीच बसायची, ढोलकीला गुडघा लावून, आणि मला वाटायचं की जागा कमी पडते म्हणून. कुणीतरी स्पीकर बंद केला.

ती गायली. नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात झाली, मला कळलं, बाकीच्यांनाही कळलं असणार. मागून उचलणाऱ्या बायका क्षणभर चाचरल्या आणि मग त्यांनीही आवाज तिथे चढवला. एकदा चढवल्यावर कुणी खाली आलं नाही. नवऱ्याच्या नाकाचं कडवं आलं तेव्हा ती नवरीकडे बघून थांबली, सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यावरच तिनं पुढची ओळ धरली. हसू तिला ऐकू गेलं नव्हतं. तिनं ते चेहऱ्यांवरून उचललं होतं. तासभर ती गात होती. तिला तिथून उठवणारं कुणी नव्हतं, आणि खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली ती कुणी ते मी पाहिलं नाही. मी रडत होते. माझ्या मदतीची तिला काडीची गरज नव्हती, आणि मी मध्ये पडले नसते तर तिला हे सगळं परत मिळवावंही लागलं नसतं.

जेवणाच्या पंगतीत ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या ताटात न विचारता बोंबील वाढले. "धवळ्यापेक्षा बरं झालं ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "एवड्यात कबूल? बरी हायस ना?" मग म्हणाली, "लगीन होऊ दे. एकदा दर्यावर जाऊन येऊ दोघी."

जानेवारीत गेलो. खोपोलीहून पेण, पेणहून अलिबाग, आणि तिथून रिक्षानं नागाव. मुरूडपर्यंत एका दिवसात जाऊन येणं आता आम्हाला झेपत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही वाळूत चादर टाकून बसलो. ओहोटी होती, शाळेची सहल आली होती आणि मुलं लांब पाण्याच्या रेघेपाशी धावत होती. वारा सुटला होता. तिनं दोन-तीनदा कानाला हात लावला, मग म्हणाली, "यात नुसती गिरणी चाललीय," आणि मशीनं काढून डबीत ठेवली. वाऱ्यात ती मशीनं काही कामाची नाहीत.

मग ती समुद्राकडे बघत बसली. गुडघे पोटाशी घेतले होते, पाय उघडे, वाळूत रोवलेले. मी पदर झटकला आणि काही बोलायला तोंड उघडलं, तशी माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "वाळू. ठाऊक हाय." मी तोंड मिटलं.

मला तिला सांगायचं होतं की ती हो म्हणत होती त्या वर्षी मी किती सुखात होते. मला मैत्रीण हवी होती की होकार हवा होता, कोण जाणे. तिनं हात धरून मागितलेली एकच गोष्ट मी चप्पल घालता घालता वाटून टाकली होती. मशीनचा उपयोग झाला हे खरं होतं आणि तरीही ते सांगायचं होतं. एवढं सगळं ओठांवर मावणार नव्हतं.

पहिल्यांदा मी ते समुद्राकडे बघत बोलले. तसं बोलणं सोपं होतं आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. मग तिच्या हाताला हात लावला. ती वळली. मी तिच्याकडे तोंड केलं आणि फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं, एकेक अक्षर उघडून म्हटलं, "माझं चुकलं गं."

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. ती आणखी पुढे झुकली.

"काय?" ती म्हणाली. "परत बोल."

ती चेष्टा करत नव्हती. एवढे तीन शब्द, पंचेचाळीस वर्षांत माझ्या तोंडावर कधी न आलेले, तिला खरंच वाचता आले नाहीत. मी परत बोलले.